लंकाबाईनं मस्कतात घेतलेलं नाव

लंकाबाई लेकीच्या बाळंतपणाला मस्कतला निघाली तेव्हा तिनं डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, ओवा आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असं सगळं रीतसर बांधून घेतलं. शेजारणी म्हणाल्या, "लंके, नशीब काढलंस बाई, पुन्यांदा इमानात बसतीस." लंकाबाई नुसती हसली. मनात म्हणाली, बसते की. बाळंतपण उरकते, लेकराला तेल लावते, शेकते, आणि मग त्या बाईला गाठते. सोळा वर्षं झाली, आता सोडत नसते.

ती बाई म्हणजे विजयमाला मॅडम. आता हे प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं.

लंकाबाई शनिशिंगणापूरची सून. देवळाच्या रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, वैजनाथचं, पूजेच्या ताटांचं दुकान. ताटात तेलाची बाटली, नारळ, रुईच्या पानांचा हार. बावीस वर्षांपूर्वी नगरच्या सावेडीतले एक वकील दर्शनाला आले आणि ताट घेता घेता म्हणाले, "माझी बहीण मस्कतला असते. तिच्या लेकीला सांभाळायला बाई पाहिजे. शिंगणापूरची मिळाली तर डोळे झाकून ठेवून घेऊ." शिंगणापूरची का, हे काय सांगायचं? ज्या गावात घरांना दारं नाहीत तिथली बाई चोरी करेल का! लंकाबाईची लेक ज्योती तेव्हा दहा वर्षांची. तिला थोरल्या जावेच्या, मुक्ताबाईच्या, पदरात घातलं आणि लंकाबाई विमानात बसली.

मस्कतात मॅडमचं घर रुवी नावाच्या भागात. लंकाबाईनं त्याला कधी रुवी म्हटलंच नाही. "घरी रुई, हितंबी रुईच," असं म्हणून ती हसायची. पहिले दोन महिने रडली. मग मॅडमची दोन वर्षांची मोनिका तिच्या कडेवरून उतरेना, आणि मग ते गावच तिला आवडायला लागलं. खरं सांगायचं तर लईच आवडायला लागलं. शुक्रवारी सुट्टी असली की ती एकटी समुद्राकाठी जाऊन कठड्यावर बसायची, शेंगा खायची, जहाजं बघायची. 'ए, कुणाची गं तू' असं विचारणारं कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तिला कुणी कुणाची सून, कुणाची जाऊ म्हणत नव्हतं. तिला त्याची चटक लागली, हे ती कुणाला बोलली नाही, पण लागली.

एकच खोड मात्र जाता जाईना. तिला दाराला कडी लावायचं भानच राहायचं नाही. शिंगणापुरात चौकट असते, फार तर कुत्रं येऊ नये म्हणून आडवी फळी, बास. कडी ही वस्तूच हाताच्या सवयीची नाही. फ्लॅटचं दार उघडं टाकून ही खाली भाजीला जायची, आणि मॅडम वर कपाळाला हात लावायच्या. "लंकाबाई, हे शिंगणापूर नाही!" असं दिवसातून दोनदा तरी व्हायचं. कपाटाचंही तेच. इस्त्रीचे कपडे आत ठेवले की कपाट तसंच उघडं.

सहा वर्षं अशी गेली आणि एक दिवस मॅडमची मोहनमाळ सापडेना. घर उलथंपालथं केलं. नाही म्हणजे नाही. मग मॅडम दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसल्या, लंकाबाईला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "कपाट उघडं का टाकायचीस ते आत्ता कळलं मला. तू शिंगणापूरची ना? घे शनीची शपथ." लंकाबाईनं शपथ घेतली. कापऱ्या आवाजात घेतली, म्हणून मॅडमना ती खोटी वाटली. आठ वर्षांची मोनिका दारात उभी राहून सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी लंकाबाई विमानात होती. पिशव्यासुद्धा तपासून मग हातात दिल्या तिच्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिनं गिळलं असतं. पण मॅडमनं ती पोचायच्या आत गावी फोन केला. वैजनाथच्या दुकानात तेव्हा फोन होता. तो उचलला मुक्ताबाईनं, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना. संध्याकाळपर्यंत शिंगणापुरात एक माणूस राहिला नाही ज्याला कळलं नव्हतं.

लंकाबाई घरी आली. घरच्यांनी नुसतं जेवायला वाढलं. चार दिवसांनी तिनं पाहिलं, मुक्ताबाईच्या पत्र्याच्या पेटीला कुलूप. नवंकोरं, पिवळं धमक. अहो, शिंगणापुरात! जिथं सोनंनाणं उघड्या फडताळात ठेवतात, त्या गावात लंकाबाईच्या नावानं कुलूप लागलं. ती नवऱ्याकडं गेली. "अहो, बघितलं का तुमी?" वैजनाथ हार गुंफत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे. झालं ते झालं." ज्योतीला शाळेत पोरी म्हणाल्या, तुझी आई सोनं आणणार होती ना गं? पोरगी आठ दिवस शाळेत गेली नाही.

त्यानंतर सोळा वर्षं लंकाबाईनं एकच देवपूजा केली. दर शनिवारी चौथऱ्याखालून तेल वाहायची आणि शनीला सांगायची, "तिच्याकडं बघ." पुढच्या शनिवारी विचारायची, "बघितलंस का?" काही नाही. उलट सावेडीहून कानावर यायचं, मॅडमनं बंगला घेतला, मॅडमनं गाडी बदलली. एकदा तर ती चौथऱ्याच्या दिशेनं बोट करून म्हणाली, "तुला पत्ता द्यावा लागंल का आता?" शेजारचा दुकानदार हसला, पण ती चेष्टा करत नव्हती.

आणि बघा, ज्योती नर्स झाली आणि नवऱ्याबरोबर गेली कुठं, तर मस्कतला. लंकाबाईनं शनीला हात जोडले. म्हणाली, बरं, तुला जमत न्हाई तर मीच जाते.

मस्कतात उतरल्यावर ज्योतीच्या नवऱ्यानं गाडीतून घरी आणलं तेव्हा ती खिडकीला नाक लावून बसली. तेच काळे उघडेबोडके डोंगर, तीच पांढरी घरं. तिला वाटलं होतं राग येईल. राग आलाच, पण वेगळाच. गाव बघून आधी बरंच वाटलं, म्हणून ती स्वतःवरच चिडली. बाळंतिणीची अंघोळ, बाळाची अंघोळ, धुरी, हळीवाची खीर, हे सगळं तिनं सव्वा महिना मान मोडून केलं. मग एका सकाळी ज्योतीला म्हणाली, "मी जरा रुईला जाऊन येते."

टॅक्सीवाल्याला तिनं घड्याळाचा चौक सांगितला. पुढचं पायांना पाठ होतं. मॅडमची जुनी इमारत तशीच होती, फक्त रंग पिवळा झालेला. खाली मल्याळी किराणावाला होता, तिथं आता मोबाईलचं दुकान. तिसऱ्या मजल्यावर तिची खिडकी, स्वयंपाकघराची. तिथं कुणाचे तरी लहान मुलांचे कपडे वाळत होते. ती समोरच्या फुटपाथावर तासभर उभी राहिली. मग समुद्राकाठी गेली. कठडा नवा बांधला होता, चकचकीत. ती बसली. जहाजं तीच. शेंगा मात्र मिळाल्या नाहीत. आणि तिथं बसल्या बसल्या तिला नीट कळलं की त्या बाईनं नुसतं नाव नाही घेतलं आपलं. हा कठडा घेतला, ही सोळा वर्षं घेतली. चाळिशीत गेले मी हितनं, आता पंचावन्न उलटली. कुणाच्या बापाची होती ती वर्षं? तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

संक्रांतीचे दिवस. ज्योतीच्या मोबाईलवर मराठी मंडळातल्या बायकांचा निरोप आला: शनिवारी दुपारी चारला विजयमाला मॅडमच्या बंगल्यावर हळदीकुंकू, सगळ्यांनी यावे.

"आपुन जायचं," लंकाबाई म्हणाली.

"आई, येड लागलंय का तुला? मला हितं नोकरी करायचीय. चार बायकांत तमाशा नको."

"तमाशा न्हाई करत. कुंकू लावून घेते आन् येते."

"तू? नुसतं कुंकू?"

"बघशीलच की."

ज्योती आईला ओळखून होती. पण पेटीवरचं ते कुलूप तिनंही रोज पाहिलं होतं, शाळेतल्या पोरीही ती विसरली नव्हती. शनिवारी तिनं बाळ नवऱ्याकडं दिलं आणि आईला हिरवी इरकल नेसवली.

बंगल्यात तीसेक बायका. सनईची कॅसेट नाही, मोबाईलवर लावलेली, पण लावलेली. मॅडम आता साठीच्या, केस रंगवलेले, काळी पैठणी, अंगावर हलव्याचे दागिने. त्यांनी लंकाबाईला पाहिलं, क्षणभर चेहरा कोरा, आणि मग काय म्हणाल्या असतील? "अगंबाई, लंका! केवढी बारीक झालीस! बरं झालं बाई आलीस, माझी कामवाली आज आली नाही. जरा आत तिळगुळाच्या वाट्या भरतेस का?"

ऐकलं? सोळा वर्षांनी पहिलं वाक्य हे. ज्योतीनं आईचा दंड धरला. लंकाबाई म्हणाली, "भरते की, मॅडम." आत गेली, वाट्या भरल्या, बाहेर आणून वाटल्या. मोनिका तिथंच होती, चोवीस वर्षांची उंच पोरगी. ती लंकाबाईकडं बघत राहिली, पुढं आली नाही. लंकाबाईला ते मॅडमच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग बायकांचे उखाणे सुरू झाले. एकेकीनं लाजत, हसत नवऱ्याचं नाव घेतलं. वाटी घेऊन लंकाबाई शेवटच्या रांगेत आली तशी एक पुण्याची बाई म्हणाली, "आजी, तुम्ही घ्या की नाव! गावाकडचा उखाणा ऐकू दे."

मॅडम घाईनं म्हणाल्या, "अगं, तिला नको—"

"घेते," लंकाबाई म्हणाली. वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात घेतलं:

"शिंगणापुरात घराला दार न्हाई का कडी,
केली न्हाई चोरी तरी पायात पडली बेडी;
हळदीकुंकवाला आले मी सोळा वर्सांनी,
विजयमाला मॅडमचं नाव घेते, चोर केलं मला ज्यांनी!"

सवयीनं दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. पुण्याची बाई मॅडमकडं बघायला लागली. लंकाबाई थांबली नाही. मोहनमाळ, शपथ, तपासलेल्या पिशव्या, गावाला केलेला फोन, मुक्ताबाईची पेटी, सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. रडली नाही. शेवटी म्हणाली, "आता मॅडमनी ह्या बायांम्होरं सांगावं, माळ कुनी नेली."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. त्या म्हणाल्या, "अगं, माळ सापडली होती! नगरच्या बँकेच्या लॉकरमध्ये. दिवाळीत मीच ठेवली आणि विसरले. दीड महिन्यानं माझ्या वकील दादानं लॉकर उघडला तेव्हा सापडली."

"सापडली?" लंकाबाईचा आवाज एकदम खाली आला. "मंग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं! दादानं सावेडीहून तुमच्या दुकानात फोन केला. माफी मागितली. वर परत ये म्हणून निरोप दिला, मोनिका जेवत नव्हती तुझ्याशिवाय. तर तुमच्याकडून उत्तर आलं की लंकाबाईला परत यायचं नाही, पुन्हा फोन करू नका."

"खोटं हाय!"

"मावशी, खरं आहे," मोनिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मला मामानं तेच सांगितलं. मला वाटलं, तुला माझा राग आला."

लंकाबाईनं मोनिकाकडं निरखून बघितलं, पोरगी खोटं बोलत नव्हती. पण ती काही लेचीपेची बाई नव्हती. ती मॅडमकडं वळली. "चोर म्हनायला तुमी सवता फोन केलात. माफी मागायला भावाला लावलं व्हय? तुमाला तोंड न्हवतं?" मॅडम पैठणीचा पदर आवळायला लागल्या. "आता तोंड हाय ना? ज्योते, मुक्ताबाईला फोन लाव. सगळ्यांना ऐकू जाईल असा लाव."

शनिवारची संध्याकाळ, म्हणजे मुक्ताबाई दुकानातच. तिनं फोन उचलला. मागं देवळाची घंटा, गिऱ्हाइकांचा गलका. मॅडमनं ओठ चाटले आणि सांगितलं, "मी विजयमाला बोलतेय, मस्कतहून. लंकाबाईंनी चोरी केली नव्हती. माझी चूक होती. तेव्हाच तुमच्याकडं कळवलं होतं."

"आमच्याकडं?" मुक्ताबाई म्हणाली. "मला कुनी न्हाई कळवलं. पयला फोन मी घेतला हुता. मागनं भाऊजींनी मला फोनाला हातच लावू दिला न्हाई. लंके, आगं, माझ्या हातनं कुलूप..."

"तुमचं मी आल्यावर बघते, बाई. फोन त्यांच्याकडं द्या."

पलीकडं कुजबुज झाली. मग वैजनाथचा आवाज आला, नेहमीसारखा संथ. "हां, बोल. नात कशी हाय?"

आता आपल्याकडं, विशेषतः लंकाबाईच्या पिढीत, बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर उखाण्यात, तेही मागून राव लावून. पस्तीस वर्षं लंकाबाईनं त्याला 'अहो' म्हटलं होतं, दुसऱ्याला सांगताना 'ज्योतीचे बापू' म्हटलं होतं. मतदानाच्या यादीतलं नाव सांगायची वेळ आली तर ती बोट करायची. तीस बायका ऐकत होत्या.

"वैजनाथ," ती म्हणाली.

एका बाईनं तोंडावर हात ठेवला. ज्योतीनं मान खाली घातली.

"वैजनाथ, माळ सापडल्याचा फोन तुला आला हुता का रे?"

पलीकडं त्यानं गिऱ्हाइकाला थांब म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "व्हय."

"आन् तू सांगितलं न्हाईस."

"तू परत गेली असतीस. आल्यापसनं तुझं तिकडंच ध्यान. झोपंत समुद्र बडबडायचीस. सहा वर्सं मी भाकरी थापून पोरगी सांभाळली, लंके. मला वाटलं, राहू दे हितंच."

"गेलेच असते," लंकाबाई म्हणाली. "पन सांगून गेले असते, मान वर करून गेले असते. मुक्ताबाईच्या पेटीला कुलूप लागलं ते तू रोज बघत हुतास. पोरगी शाळंत जायला रडायची ते बघत हुतास. मी दर शनवारी देवाम्होरं डोकं आपटायची, तेबी दुकानातनं दिसत हुतं तुला. बघत हुतास का न्हाई?"

"बघत हुतो."

त्या क्षणी तो समोर असता तर तिनं त्याला तेलाच्या डब्यात बुचकळला असता. सोळा वर्षं एका बाईच्या नावानं बोटं मोडली, आणि चोर घरातच, शेजारच्या अंथरुणात, घोरत होता. चोरच की! दुसऱ्याचं नाव दाबून ठेवायचं ह्याला दुसरं काय म्हणतात?

"आता ऐक," ती म्हणाली. "शनवारी गर्दी भरली की दुकानाच्या म्होरं रस्त्यात उभा ऱ्हा. माझी बायको चोर न्हवती, मला ठावं हुतं, आन् मी गप बसलो, असं मोठ्यानं सांग. मुक्ताबाई फोन धरतील, मी हितनं ऐकीन. तवर तिकीट न्हाई. तुझ्या भाकरी तू थाप."

तिनं फोन ज्योतीला दिला. मॅडम हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पुढं आल्या. लंकाबाईनं कपाळ पुढं केलं नाही. "कुंकू ऱ्हाऊ द्या. चहा करा एक कप. तुमच्या हातानं करा, पोरीला सांगू नका." मॅडम खरंच आत गेल्या. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मोनिका येऊन लंकाबाईच्या पायाशी बसली, आणि मग मात्र लंकाबाई रडली.

पहिल्या शनिवारी वैजनाथनं ताप आल्याचं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी म्हणाला, गर्दी फार हाय, नंतर बघू. ज्योती म्हणाली, "आई, बास कर आता, म्हातारा माणूस हाय." लंकाबाईनं व्हिसा वाढवून घ्यायला लावला आणि संध्याकाळी मोनिकाबरोबर समुद्रावर गेली.

तिसऱ्या शनिवारी दुपारी मुक्ताबाईचा फोन आला. "लंके, उभे राहिलेत बघ. लोकं जमलीत. धर."

लंकाबाईनं मोबाईल कानाला लावला. रस्ता, घंटा, कुणाची तरी पोरं. मग वैजनाथ बोलला. आवाज फाटका होता, पण सगळं बोलला. माझी बायको चोर नव्हती, मला ठाऊक होतं, मी गप बसलो. एक शब्द गाळला नाही. नंतर रस्ता इतका शांत झाला की घंटासुद्धा वाजायची थांबली. लंकाबाईला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं.

"ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "मोठ्यानं सांग."